चाकं नकोत, रिंगा बदला

दादा, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो, बँकेत नोकरीला आहे. वजन ७४ किलो. गेल्या दिवाळीत पुण्याहून एक जुनी सायक्लोक्रॉस (चिखल-मातीतल्या शर्यतीची) सायकल घेतली. डिस्क ब्रेक, १० स्पीड, पुढच्या चाकाला आरपार जाणारा जाड थ्रू अ‍ॅक्सल आणि मागे साधं, खटक्यानं सुटणारं क्विक रिलीज. टायर ३३ मिलिमीटरचे, आत ट्यूब. रविवारी हिप्परगा तलावाकडे नाहीतर नान्नजच्या बाजूला माळावर जातो आणि जवळजवळ दर वेळी पंक्चर घेऊन परत येतो. सगळे म्हणतात, ट्यूबलेस कर. बजेट २५ हजार, टायरसकट. ऑनलाइन दोन सेट बघून ठेवलेत, एक अ‍ॅलॉयचा २२ हजारांचा आणि एक कार्बनचा ४१ हजारांचा. कार्बनसाठी घरच्यांना पटवता येईल, बहुतेक. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणतो, “चाकं कशाला बदलालाव ओ, स्कूटरचं जेल टाकतो की, काम खलास.” कोणता सेट घेऊ? सायकलचे फोटो आणि दोन्ही जाहिराती सोबत जोडल्यात.
– एक वाचक, जुळे सोलापूर

नमस्कार.

दोन्ही सेट घेऊ नका. ट्यूबलेस मात्र नक्की करा. तुमच्या फोटोतली चाकं मी मोठी करून बघितली. पुढच्या-मागच्या दोन्ही हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) ३२-३२ स्पोक आहेत, साधे, मुंडीशी वाकवलेले, कुठेही मिळतात तसले. हब शिमानोचे आहेत आणि बाहेरून तरी धड दिसतात. अशी हब हातात असताना अख्खी चाकं विकत घेणं म्हणजे उगाच पैसे घालवणं. याच हबवर ट्यूबलेस रेडी अ‍ॅलॉय रिंगा बसवून घ्या. रिंगा, नवे स्पोक आणि मजुरी मिळून हे काम सहसा तुमच्या २२ हजारांच्या निम्म्यात बसतं. उरलेले पैसे टायरला ठेवा, कारण फरक पडतो तो टायरनं.

आता हे असं का, ते सांगतो.

आधी ट्यूबलेसचं. पुण्या-मुंबईच्या डांबरावरच फिरणारा कुणी मला विचारतो तेव्हा मी त्याला दहा वेळा विचार करायला लावतो. सोलापूरकराला लावत नाही. आपल्याकडे सराटे आहेत. पावसाळ्यात बांधाच्या कडेला जमिनीसरशी पसरलेली, पिवळ्या फुलांची ती वेल कुणाच्या नजरेतही भरत नाही. पण दसऱ्यापासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत तिची फळं वाळून फुटतात. एका फळाचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे टणक काटे असतात, असे काही रोखलेले की तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. त्यात वेड्या बाभळीचे काटे. हायवेच्या कडेनं गेलात तर ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून सुटलेली केसासारखी तार. ही तार टायरमध्ये घुसली की बाहेरून दिसत नाही, बोटानं चाचपावी लागते, आणि नवी ट्यूब घातली की अर्ध्या तासात तीही बसते. तुमचं “दर वेळी पंक्चर” हे बहुधा काही वेळा जुनंच पंक्चर असणार.

या सगळ्यांची भोकं बारीक असतात, एक-दीड मिलिमीटरची, आणि ट्यूबलेस टायरात ओततात त्या सीलंटला अशीच भोकं बुजवता येतात. पातळ लॅटेक्समध्ये बारीक कण मिसळलेले असतात. हवा बाहेर निसटताना ते मिश्रण भोकात ओढलं जातं आणि तिथंच साकळतं. बऱ्याचदा पंक्चर झालं हे तुम्हाला घरी आल्यावर टायरवरचा पांढरा ठिपका बघून कळतं. दुसरा फायदा हवेचा. ट्यूब असली की हवा कमी ठेवायची भीती वाटते, कारण दगडावर आपटलं की रिंग आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसली की चिमटायला काही उरत नाही. मग हवा कमी ठेवता येते आणि माळावरचा खडखडाट मनगटात येत नाही.

आता तुमच्या दोन जाहिराती. २२ हजारांचा अ‍ॅलॉय सेट वाईट नाही. पण त्याचं अ‍ॅक्सल माप बघितलंत का? पुढे १२ × १०० आणि मागे १२ × १४२ मिलिमीटर, म्हणजे दांड्याची जाडी आणि हबची रुंदी. तुमची सायकल साधारण २०१४-१५ च्या काळातली दिसते. डिस्क ब्रेक क्रॉसमध्ये नुकते रुळत होते तेव्हाची. यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, सायक्लोक्रॉसच्या शर्यतींत डिस्कला परवानगी दिली २०१० मध्ये आणि त्यानंतरची काही वर्षं कंपन्या अ‍ॅक्सलच्या बाबतीत चाचपडत होत्या. तुमच्याकडे पुढे १५ मिलिमीटरचा थ्रू अ‍ॅक्सल आहे आणि मागे १३५ चं क्विक रिलीज. हा सेट तुमच्या सायकलीत जसाच्या तसा बसणार नाही. पुढच्या-मागच्या दोन्ही हबच्या एंड कॅप (टोकांच्या टोप्या) बदलाव्या लागतील, आणि त्या त्याच हबच्या मॉडेलच्या लागतात, कुठल्याही चालत नाहीत. जाहिरातीत त्यांचा उल्लेख नाही. मग फ्रीहबचा, म्हणजे मागच्या हबवर गिअरची चक्रं बसतात त्या भागाचा, प्रश्न. नव्या सेटवर ११ स्पीडचं रोड फ्रीहब आहे. ते १.८५ मिलिमीटरनं लांब असतं, म्हणून तुमच्या १० स्पीड कॅसेटच्या (गिअरच्या चक्रांच्या संचाच्या) मागे तेवढा स्पेसर लागेल. जुन्या कॅसेटमागे आधीच एखादा पातळ वॉशर असेल तर तोही तसाच ठेवावा लागतो. नाहीतर गिअर खडखडतात आणि माणूस आठवडाभर गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा स्क्रू फिरवत बसतो. डिस्कचंही तेच. तुमच्या रोटरला (ब्रेकच्या चकतीला) सहा बोल्ट आहेत आणि जाहिरातीतलं हब सेंटरलॉकचं, म्हणजे मधल्या एकाच नटानं चकती धरणारं. त्यासाठी अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण तोही आणखी एक खर्च आणि आणखी एक कुरिअर.

तुमचंच हब ठेवलं की यातलं काहीच करावं लागत नाही. अ‍ॅक्सल तेच, कॅसेट तीच, रोटर तोच.

कार्बनवर फार शब्द घालवत नाही. ४१ हजारांत काही शे ग्रॅम वाचतील. त्याबदल्यात कमी हवेवर दगड लागला तर अ‍ॅलॉय रिंगेला पोचा येतो आणि तो बऱ्याचदा पकडीनं सरळ करून घरी येता येतं. कार्बनला तडा गेला की ती रिंग गेलीच. शिवाय तुमच्या जाहिरातीतली रिंग हुकलेस आहे, म्हणजे टायरची कड पकडून ठेवणारी आतली वळलेली कडा तिला नाही. अशा रिंगेवर कंपनीनं मंजूर केलेलेच टायर लावायचे असतात आणि हवेला ७२.५ पीएसआयची मर्यादा असते. तुम्ही तेवढी हवा भरणार नाही हे खरं, पण टायर निवडताना हात बांधले जातात. तिचे स्पोक चपटे आणि सरळ मुंडीचे आहेत. एक तुटला तर सोलापुरात कुठे शोधणार? घरच्यांना पटवायची ताकद दुसऱ्या एखाद्या गोष्टीसाठी राखून ठेवा.

आता रिंगा कशा निवडायच्या.

सगळ्यात आधी तुमच्या आत्ताच्या रिंगा तपासा. हे काम फुकट आहे. टायर आणि ट्यूब काढा, आतली पट्टी काढा आणि रिंगेच्या बिछान्याकडे नीट बघा. मध्ये खोल चर, दोन्ही बाजूंना सपाट पायरी आणि पायरी संपून चर सुरू होतो तिथं बोटाला जाणवेल असा बारीक उंचवटा असेल, तर रिंग ट्यूबलेसची असण्याची दाट शक्यता आहे. बाहेर स्टिकरवर ‘ट्यूबलेस रेडी’ किंवा ‘टीएलआर’ लिहिलेलं दिसलं की खात्रीच. त्या काळातल्या बऱ्याच सायकली ट्यूबलेस रिंगा आणि आत ट्यूब अशाच विकल्या गेल्या आणि मालकांना पत्ताही नव्हता. तसं निघालं तर तुमचा खर्च फक्त टेप, वॉल्व्ह, सीलंट आणि टायर एवढाच. फोटोत स्टिकर खरवडलेला दिसतो, म्हणून मला सांगता येत नाही. आतला भाग नुसता गोलसर, पायरी नसलेला असेल तर त्यावर टेपचे थर चढवून जुगाड करू नका. व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण वळणावर टायर रिंगेतून सुटला तर तोंडावर पडणारे तुम्ही असाल.

नवी रिंग घ्यायची झाली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. माउंटन बाइकची २९ इंची रिंग आणि तुमची ७०० सी रिंग यांचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. त्यामुळे शोध ‘सायक्लोक्रॉस’ किंवा ‘ग्रॅव्हल’ या शब्दांपुरता ठेवू नका. २९ इंचाची डिस्कसाठीची ३२ भोकांची अ‍ॅलॉय ट्यूबलेस रिंग बाजारात जास्त मिळते आणि बरेचदा स्वस्त पडते. आतली रुंदी २१ ते २३ मिलिमीटर असावी. माउंटन बाइकवाले हल्ली तीसची रिंग वापरतात, ती तुमच्या टायरला फार रुंद होते, तो मोह टाळा. कडेला हुक असलेलीच घ्या. अशा रिंगांवर कमाल हवेचा आकडा कमी छापलेला असतो, पण तुम्ही चाळिशीच्या खालीच राहणार आहात, त्यामुळे अडत नाही.

पैसे द्यायच्या आधी हब बघा. चाक काढून अ‍ॅक्सल दोन बोटांत धरा आणि सावकाश फिरवा. लोण्यासारखं फिरायला हवं. वाळू असल्यासारखी करकर लागली तर हब उघडून कोन (छर्रे ज्यांवर फिरतात ते भाग) आणि छर्रे बघायला सांगा. कोनवर खड्डे पडलेले असतील, किंवा पेडल मारताना फ्रीहब मध्येच निसटत असेल, तर माझा सगळा सल्ला उलटा. मग तो २२ हजारांचाच सेट घ्या, पण विक्रेत्याकडून पुढच्या १५ मिमीच्या आणि मागच्या १३५ क्विक रिलीजच्या एंड कॅप मिळतील असं लेखी घेतल्याशिवाय पैसे पाठवू नका.

चाक बांधणार कोण, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. सोलापूर गिरण्यांचं गाव. पाळीला सायकलीवर जाणाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करून हात तयार झालेले जुने मिस्त्री अजून काही पेठांमध्ये सापडतात. काळ्या घोडा सायकलीच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात. ते भरून, आऊट (चाकाचं वाकडेपण) काढून देणाऱ्याला तुमचे ३२ काय जड जाणार? त्याला फक्त तीन गोष्टी आधी सांगा. एक, स्पोक तीन वेळा क्रॉस करून भरायचे, कारण डिस्क ब्रेकचा सगळा झटका हबकडून रिंगेकडे स्पोकमधूनच जातो, सरळ भरलेलं चाक इथं टिकणार नाही. दोन, निपल (स्पोक रिंगेला धरून ठेवणारे बारीक नट) पितळी, अ‍ॅल्युमिनियमचे नाहीत. काही सीलंटमध्ये अमोनिया असतो, तो गळून निपलपर्यंत पोचला तर अ‍ॅल्युमिनियम खातो. तीन, ताण. जुन्या सायकलींच्या सवयीनं स्पोक थोडे ढिले ठेवले जातात. डिस्कच्या चाकाला ते चालत नाही. स्पोकची लांबी रिंगेत निपल बसतात तिथल्या व्यासावरून, म्हणजे ईआरडीवरून, आणि हबच्या मापांवरून काढतात. रिंग हातात आल्यावर मोजूनच स्पोक मागवा, अंदाजे नको. जुने स्पोक परत वापरू नका, दहा वर्षं एकाच वाकणावर ताण घेऊन ते थकलेले असतात.

चाक तयार झालं की तिथंच उभं राहून तपासा. एका बाजूचे स्पोक बोटानं वाजवत जा, आवाज साधारण सारखा यायला हवा, एखादा भद्द वाजला तर तो ढिला. मागच्या चाकाच्या दोन बाजूंचा ताण मुळातच वेगळा असतो, त्यामुळे डाव्या-उजव्याची तुलना करू नका. मग चाक फ्रेममध्ये बसवून रिंग दोन्ही चेनस्टेपासून (फ्रेमच्या मागच्या आडव्या नळ्यांपासून) सारख्या अंतरावर आहे का ते बघा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा मिस्त्रीकडे न्या. नवे स्पोक बसतात, थोडा आऊट येतोच, त्याला दोष देऊ नका.

टायर. तेहतीसचा हट्ट सोडा. ३३ मिलिमीटर ही यूसीआयची शर्यतीची मर्यादा आहे, तिचा होटगी रोडशी काही संबंध नाही. तुमच्या फ्रेममध्ये सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे ते मोजा, बहुधा ती मागे चेनस्टेपाशी असेल. दोन्ही बाजूंना किमान चार-पाच मिलिमीटर मोकळे राहतील असा जो मोठ्यात मोठा टायर बसेल तो घ्या, ३५ किंवा ३८. रुंद रिंगेवर टायर छापलेल्या मापापेक्षा एखाद मिलिमीटर जास्त फुगतो, तेही धरा. टायरवर ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलेलंच हवं, साध्या टायरची कड हवेच्या दाबानं ताणते. तुमची निम्मी वाट डांबराची आहे, त्यामुळे मध्ये गुळगुळीत आणि कडेला गुट्ट्या असलेली नक्षी बरी. जाहिरातीत सगळ्यात हलका टायर दिसला की थांबा. काट्याच्या मुलखात भिंत जाड असलेला, पन्नास-साठ ग्रॅमनं जड टायर घ्यायचा.

आणि पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊच नका, टायर कितीही महागाचा असो. बेल्जियमचा चिखल बघून सायक्लोक्रॉसवाल्यांना वाटतं की ही सायकल कुठेही जाते. तो चिखल पातळ असतो, वाहून जातो. आपली माती फोर्कमध्ये ठासून बसते आणि चाक जागच्या जागी जाम होतं. मग सायकल खांद्यावर, आणि माती धरून तिचं वजन दुप्पट वाटतं.

बसवताना घाई टेपमध्ये करू नका. रिंग स्पिरिटनं पुसून कोरडी करा. टेप रिंगेच्या आतल्या रुंदीपेक्षा तीनेक मिलिमीटर रुंद असावी, म्हणजे दोन्ही पायऱ्यांवर चढेल. चांगली ताणून दोन वेढे द्या. वॉल्व्हचं भोक ब्लेडनं कापू नका, गरम सुईनं पाडा, म्हणजे टेप पुढे फाटत नाही. मग एक रात्र टायरमध्ये ट्यूब घालून हवा भरून ठेवा, टेप दाबून बसते. दुसऱ्या दिवशी ट्यूब काढा, वॉल्व्ह लावा, टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावा, वॉल्व्हचा कोअर (आतला सुटा होणारा भाग) काढून हवा मारा. टायर जागेवर बसताना ठप्प ठप्प आवाज येतो, दचकू नका. हातपंपानं नाही बसला तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आहेच. पण तुमच्या बारीक फ्रेंच वॉल्व्हला पितळी अ‍ॅडॉप्टर लागेल, तो खिशात ठेवा. आणि नळी त्याच्या हातात देऊ नका. त्याला ट्रकची सवय, टायरवर छापलेला कमाल आकडा तो बघणार नाही.

टायर बसला की प्रत्येक चाकात ६० मिलिलिटर सीलंट, कोअरच्या जागेतून. तुमच्या वजनाला ३८ च्या टायरमध्ये पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआयपासून सुरुवात करा. तुमच्या पंपाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, छोटा डिजिटल गेज घ्या. दगडावर रिंग लागतेय असं वाटलं तर दोन-दोननं वाढवा. सीलंट कायमचं नसतं. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, आपल्या एप्रिल-मेमध्ये ते लवकर आटतं. पारा बेचाळीसवर आणि सायकल पत्र्याच्या शेडखाली, असं असेल तर दर सहा आठवड्यांनी वॉल्व्हमधून काडी घालून बघा. ओली आली तर ठीक, कोरडी आली तर ३० मिलिलिटर टाका.

पंक्चरवाल्याच्या जेलबद्दल. तो तुम्हाला फसवत नाही. स्कूटरच्या जाड टायरात ते चालतं. पण ते लॅटेक्ससारखं साकळून घट्ट होत नाही, आणि सायकलच्या ट्यूबलेस टायरची पातळ भिंत हवाबंद करायला सीलंटच लागतं. रिंगा येईपर्यंत तुमच्या आत्ताच्या ट्यूबमध्ये मात्र खुशाल टाकून घ्या, वॉल्व्हचा कोअर निघणारा असेल तर. सराट्यापुरतं काम होईल.

ट्यूबलेस झाल्यावरही एक ट्यूब, प्लगचा (भोकात खुपसायच्या रबरी पट्ट्यांचा) संच आणि छोटा चिमटा सोबत ठेवा. मोठ्या चिरेला सीलंट पुरत नाही. तिथं प्लग लावा, तोही नाही धरला तर ट्यूब घालावी लागते. ती घालण्याआधी टायर आतून नीट बघा. महिनोन्‌महिने सीलंटनं बुजवलेल्या काट्यांची टोकं आत तशीच उभी असतात. एकेक चिमट्यानं उपटून काढा, मगच ट्यूब घाला. बोट फिरवणार असाल तर कापड गुंडाळून फिरवा.